ऋणमोचन

गेल्या पौषातली गोष्ट. रविवार होता, आई सकाळपासून ऋणमोचनच्या जत्रेच्या आठवणी काढत होती आणि नेमका तेव्हाच फोन आला. पलीकडचा माणूस वसुलीवाला. बाबांनी १९९९ साली स्कूटरसाठी काढलेलं कर्ज म्हणे अजून थकीत आहे. मूळ कंपनीनं ते दुसऱ्या कंपनीला विकलं, व्याज धरून आकडा सत्त्याऐंशी हजारांवर गेला. बाबा २०१६ साली गेले. स्कूटर तर त्याच्याही आधी भंगारात गेली!

खरं सांगतो, मी घाबरलो. शेवटी तो मवाळ होत म्हणाला, "सध्या हजार रुपये भरा आणि बाकीचे हप्त्यानं फेडतो असं एक पत्र सही करून पाठवा, बस." मी जवळपास हो म्हटलंच होतं. आईनं हातातून फोन घेतला. "कागद पाठवा बाप्पा आधी. कागद पाहू, मंग बोलू." आणि ठेवला.

असो. त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जाईना. म्हणून हे थोडं जुनं, थोडं नवं.

आमच्या मूर्तिजापूर तालुक्यात दापुरा नावाचं गाव आहे. शेंडगावला १८७६ साली जन्मलेला देबूजी झिंगराजी जाणोरकर बाप गेल्यावर आईबरोबर इथे मामाकडे आला. गुरं राखली, नांगर धरला. हेच पुढे गाडगेबाबा. त्यांच्या चरित्रांत मामा चंद्रभानच्या कर्जाची हकीकत येते. मामाला लिहिता-वाचता येत नव्हतं. सावकार सांगेल तिथे अंगठा. फेडलेल्याची पावती नाही, राहिलेल्याचा हिशेब नाही. चांगली पिकती जमीन हातची गेली आणि मामा त्या धक्क्यानं खचला. पुढे सावकार माणसं घेऊन शेताचा ताबा घ्यायला आला, तेव्हा तरुण देबूजी आडवा उभा राहिला आणि त्यानं त्यांना हुसकावून लावलं, असं सांगतात.

लहानपणी मला यातला मारामारीचा भाग तेवढा आवडायचा. आता वाटतं, खरी गोष्ट त्या अंगठ्याची आहे.

तो एकटा चंद्रभान नव्हता. इंग्रजांनी १८६० नंतर वऱ्हाडात जमिनीची मोजणी करून शेत खातेदाराच्या नावावर केलं. नावावर झालेलं शेत विकता येऊ लागलं, गहाण ठेवता येऊ लागलं. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१-६५) पेटलं आणि कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. सावकाराला पूर्वी फक्त पीक दिसायचं, आता जमीन दिसू लागली. युद्ध संपलं, भाव कोसळला, पण कर्जखतावरचा आकडा काही कोसळला नाही.

आणि गंमत बघा, आपला अख्खा वऱ्हाडच एकदा वादग्रस्त कर्जापायी गेला होता! हैदराबादच्या निजामाकडे कंटिंजंट फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ साली डलहौसीनं वऱ्हाड ताब्यात घेतला. फौजेचा खर्च फुगवला आहे, आमचा अबकारीचा पैसा तुमच्याकडे जमा आहे तो वजा करा, असं निजामाच्या बाजूचं म्हणणं. १८६० साली इंग्रजांनी सुमारे पन्नास लाखांचं ते कर्ज सोडून दिलं. वऱ्हाड मात्र परत दिला नाही. १९०२ साली वर्षाला पंचवीस लाखांवर तो कायमच्या पट्ट्यानं घेऊन टाकला. निजामाकडे सालारजंगासारखा हुशार दिवाण होता, त्याचीही डाळ शिजली नाही. मग दापुऱ्याच्या चंद्रभानची काय कथा?

कर्जदाराच्या बाजूनं नियम अगदीच नव्हते असं नाही. दामदुपटीचा दंडक फार जुना: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागायचं नाही. १८७५ साली सुप्यापासून दंगे पेटले, लोकांनी सावकारांचे रोखे जाळले, तेव्हा १८७९ चा कायदा आला. पण तो दख्खनच्या जिल्ह्यांसाठी. मध्य प्रांत-वऱ्हाडात कर्ज तडजोडीचा कायदा यायला १९३३ उजाडलं. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानं तर सावकारानं कर्जापोटी लाटलेली जमीन परत मिळवायचा रस्ता जिल्हा निबंधकामार्फत खुला केला.

फोननंतर एका वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, साध्या पैशाच्या कर्जाला दाव्याची मुदत सहसा तीन वर्षं. मुदतीच्या आत थोडे पैसे भरून तशी लेखी नोंद झाली, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. मुदत संपल्यावरही 'फेडतो' असं लिहून सही दिली, तर १८७२ च्या करार कायद्यानं तोच नवा करार होतो. बापाच्या पश्चात मुलाची जबाबदारी त्याच्याकडून आलेल्या मालमत्तेपुरतीच. म्हणजे तो गोड बोलणारा माणूस माझ्याकडे हजार रुपये मागतच नव्हता. तो अंगठा मागत होता.

संध्याकाळी आईनं बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. विजेची बिलं, माझ्या गुणपत्रिका, आणि तळाशी सुतळीनं बांधलेल्या स्कूटरच्या सगळ्या हप्त्यांच्या पावत्या. त्यावर बेबाकीचा दाखला, शिक्क्यासकट. बाबांच्या अक्षरात कोपऱ्यात एकच शब्द: 'संपलं'. त्याची नक्कल पाठवली. पुन्हा फोन आला नाही.

गाडगेबाबा कीर्तनातून घसा फोडून सांगायचे, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शिकवा. या दोन गोष्टी ते एका दमात का सांगत, ते मला आत्ता कुठे कळलं. आणि पूर्णेकाठी त्यांनी घाट बांधला तोही ऋणमोचनला! तिथे पौषात रविवारी स्नान केलं की ऋणातून सुटका होते अशी लोकांची श्रद्धा.

आई म्हणते, येत्या पौषात जाऊ. जाऊ की. पण डबा मात्र घरी कुलपात ठेवून.