खप आणि कस : 'चंद्रकांता'ने घातलेले कोडे

महाराष्ट्राबाहेरच्या बहुतेक मराठी मंडळांत पुस्तकांचे एक कपाट असते आणि नवी पुस्तके घ्यायची वेळ आली की कार्यकारिणीत एक वाद ठरलेला असतो. एक गट म्हणतो, लोक मागतात ती पुस्तके घ्या. रहस्यकथा घ्या, भयकथा घ्या, कपाट निदान उघडले तरी जाईल. दुसरा गट म्हणतो, वर्गणीच्या पैशांतून असले वाङ्मय कशाला? अभिजात घ्या, पुरस्कार मिळालेले घ्या. शेवटी रक्कम निम्मी-निम्मी वाटून वाद मिटतो, पण त्यामागचा प्रश्न मिटत नाही. भरपूर खपणारे पुस्तक आणि चांगले पुस्तक, या दोहोंचे नाते काय?

हिंदी मुलखात बिऱ्हाड केलेल्या आपल्याला या प्रश्नासाठी पुण्या-मुंबईकडे पाहण्याची गरज नाही. ज्या काशीत पेशव्यांनी आणि भोसल्यांनी घाट बांधले, त्याच काशीत सुमारे एकशे तीस वर्षांपूर्वी या वादाचा एक मोठा खटला उभा राहिला. त्यातला 'आरोपी' म्हणजे बाबू देवकीनंदन खत्री आणि मुद्देमाल म्हणजे त्यांची कादंबरी 'चंद्रकांता'.

देवकीनंदन खत्री यांचा जन्म १८६१ सालचा, बिहारमधल्या मुजफ्फरपूर भागातला. घराणे व्यापारी. तरुणपणी गयेकडे व्यापार केल्यावर ते काशीला स्थिरावले. काशीनरेशांच्या कृपेने त्यांना चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका मिळाला. लाकूडफाट्याच्या हिशोबासाठी रानात हिंडणाऱ्या या ठेकेदाराला मोडके किल्ले, भुयारे, ओढे, गुहा आणि पडके वाडे यांचाच नाद लागला. पुढे ठेका सुटला, पण रान डोक्यातून गेले नाही. त्या रानातूनच 'चंद्रकांता' जन्मली.

कथा तशी साधी. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे प्रेम, वजिराचा मुलगा क्रूरसिंह याचा मत्सर आणि चुनारगढच्या राजा शिवदत्ताची त्यात पडलेली लालसा. पण वाचकाला वेड लावले ते ऐयारांनी आणि तिलिस्मांनी. ऐयार म्हणजे राजाच्या पदरचा हेर, बहुरूपी आणि मल्ल, सारे एकाच माणसात. त्याच्या बटव्यात बेशुद्ध करणारी पूड, शुद्धीवर आणणारा लखलखा आणि वेष पालटायचे सामान असे. तिलिस्म म्हणजे जुन्या कारागिरांनी खजिन्याच्या रक्षणासाठी रचलेला यंत्रांचा आणि चोरवाटांचा चक्रव्यूह. ही स्थळेही काल्पनिक नाहीत. चुनारचा किल्ला आज मिर्झापूर जिल्ह्यात आहे, विजयगढ सोनभद्रमध्ये आणि नौगढ चंदौलीत. आपल्यापैकी कित्येक जण तिथून मोटारीने गेले असतील.

१८९०च्या आसपास 'चंद्रकांता'चे चार भाग निघाले आणि बाजारात झुंबड उडाली. मग आली 'चंद्रकांता संतति', चोवीस भागांची. वाचक एक भाग संपवून पुढच्याची वाट पाहत बसत, कारण लेखक नेमका अडचणीच्या जागी पडदा पाडत असे. १८९८ साली खत्रींनी काशीत स्वतःचा 'लहरी प्रेस' काढला. लेखक, मुद्रक आणि प्रकाशक एकच! 'भूतनाथ' ही पुढची मालिका अपुरी टाकून १९१३ साली ते वारले. ती त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्री यांनी पूर्ण केली.

आता त्या काळच्या काशीचे चित्र डोळ्यांसमोर आणा. कोर्टकचेरीत उर्दू लिपीचा अंमल होता. शिकलेला हिंदू गृहस्थही बहुधा उर्दू-फारसी वाचणारा. नागरीच्या प्रसारासाठी १८९३ साली काशीत नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली. (पुण्यात लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला तेही हेच वर्ष.) अर्ज झाले, सभा झाल्या, शिष्टमंडळे गेली आणि १९०० साली सरकारने कचेऱ्यांत नागरीला मुभा दिली. हे सर्व मोठे कार्यच. पण सभेच्या ठरावाने माणूस लिपी शिकत नाही. पुढच्या भागात तेजसिंह कैदेतून सुटतो की नाही, हे कळण्यासाठी मात्र तो शिकतो. 'चंद्रकांता' वाचता यावी म्हणून असंख्य उर्दू वाचणाऱ्यांनी नागरी अक्षरे गिरवली, ही आख्यायिका नाही. तिची साक्ष खुद्द खत्रींच्या सर्वांत कडक टीकाकाराने दिली आहे.

तो टीकाकार म्हणजे आचार्य रामचंद्र शुक्ल. तेही काशीचेच. सभेच्या 'हिंदी शब्दसागर' या महाकोशाचे काम करता करता त्यांनी हिंदी साहित्याचा जो इतिहास लिहिला, तो १९२९ साली प्रसिद्ध झाला आणि आजही प्रमाण मानला जातो. त्यात त्यांनी खत्रींचा निवाडा दोन वाक्यांत केला आहे असे म्हणता येईल. पहिले असे, की या कादंबऱ्यांत घटनांचे वैचित्र्य तेवढे आहे. रस, भाव, स्वभावचित्रण नाही, म्हणून त्या साहित्याच्या कोटीत बसत नाहीत. दुसरे असे, की तरीही हिंदीच्या इतिहासात खत्रींचे नाव कायम राहील, कारण त्यांच्याइतके वाचक दुसऱ्या कोणत्याही ग्रंथकाराने निर्माण केले नाहीत. 'चंद्रकांता' वाचून लोक इतर पुस्तकांकडे वळले आणि काही जण तर पुढे लिहूही लागले, असेही ते नोंदवतात.

साहित्य नाही म्हणायचे आणि साहित्याच्या इतिहासात मात्र जागा द्यायची, याला कुणी विसंगती म्हणेल. माझ्या मते ही प्रामाणिकता आहे. शुक्लजींनी खपाची आणि कसाची खाती वेगळी ठेवली. एका खात्यातली शिल्लक दुसऱ्यात दाखवली नाही आणि कुठलेच खाते दडपलेही नाही. आपल्याकडे वाद होतात ते ही दोन खाती एकत्र केल्यामुळे.

पण आचार्यांचा निवाडा जसाच्या तसा मान्य करावा का? इथे थोडे थांबू. चंद्रकांता ही नायिका म्हणून फिकी आहे, हे खरे. तिच्यावर काय प्रसंग आले ते लक्षात राहते, तिला काय वाटले ते राहत नाही. तिच्यापेक्षा तिची ऐयार सखी चपला अधिक जिवंत वाटते. याच सुमारास, १८९० साली, पुण्यात हरिभाऊ आपटे 'करमणूक'मधून 'पण लक्षात कोण घेतो?' लिहीत होते. यमूचे दुःख आजही वाचकाच्या काळजाला घर करते. हा फरक कसाचा आहे, तो खपाने भरून निघत नाही.

मात्र 'संतति'मधला भूतनाथ आठवा. आपला काळा भूतकाळ लपवण्यासाठी धडपडणारा, हुशार, पण भीतीने पोखरलेला हा ऐयार. त्याच्यात चांगले-वाईट असे मिसळले आहे की त्याचा रागही येतो आणि कीवही. याला स्वभावचित्रण नाही तर काय म्हणावे? शिवाय चोवीस भागांत पसरलेले शेकडो धागे हातचे न सुटू देणे, तिलिस्माला जादूटोणा न मानता यंत्र आणि औषध यांच्या आधारे त्याचा उलगडा करणे आणि बोलीला जवळची, वाहती भाषा वापरणे, हे कसब येरागबाळ्याचे नव्हे. भाषेबाबत तर खत्रींनी जाणीवपूर्वक धोरण ठेवले होते. सुरुवातीला उर्दू वाचकाच्या ओळखीचे शब्द घ्यायचे आणि हळूहळू त्याला हिंदीकडे आणायचे. 'संतति'च्या अखेरीस त्यांनी स्वतःच हे सांगितले आहे.

म्हणजे खपणारे ते सारे चांगले का? तसेही नाही. खत्रींच्या यशानंतर हिंदीत तिलिस्मी आणि जासुसी कादंबऱ्यांचे पीक आले. त्यांतल्या बहुतेकांची नावे आज ग्रंथालयाच्या जुन्या यादीतच सापडतील. त्यांनाही बाजाराने उचलले होते, पण काळाने उचलले नाही. 'चंद्रकांता' मात्र दर पिढीत नव्याने छापली गेली. १९९४ साली नीरजा गुलेरी यांनी दूरदर्शनवर मालिका आणली, तेव्हा रविवारी सकाळी घरोघरी क्रूरसिंहाच्या 'यक्कू'ची नक्कल होत होती. मालिका मूळ कादंबरीपासून बरीच दूर गेली होती, हा भाग वेगळा.

या कथेला मराठी बाजूही आहे. आपल्याकडेही हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्या आधी आल्या, वास्तववादी आपटे नंतर. खुद्द आपट्यांची 'मधली स्थिती' (१८८५) ही इंग्रजीतल्या रेनॉल्ड्सच्या लंडनविषयीच्या कादंबरीवर बेतलेली होती. हा रेनॉल्ड्स म्हणजे त्या काळचा प्रचंड खपाचा आणि प्रतिष्ठितांनी नाक मुरडलेला लेखक. आणि योगायोग पाहा. प्रेमचंदांनी आपल्या लहानपणाविषयी लिहिताना उर्दूत आलेल्या रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांचे आणि 'तिलिस्मे होशरुबा'चे वेड सांगितले आहे. मराठी आणि हिंदी कादंबरीला गांभीर्य देणारे हे दोन थोर लेखक 'हलक्या' म्हटल्या गेलेल्या पुस्तकांच्या वाटेनेच आले.

विसाव्या शतकात आपल्याकडे हीच भूमिका बाबूराव अर्नाळकरांनी बजावली. हजाराहून अधिक रहस्यकथा, झुंजार आणि काळापहाड यांसारखे नायक आणि फाटेपर्यंत हाताळलेल्या ग्रंथालयाच्या प्रती. १९९६ साली ते गेले. त्यांच्या पुस्तकांवर वाचायला शिकलेले हजारो लोक पुढे इतर वाङ्मयाकडे वळले, पण आपल्या समीक्षेने त्यांना शुक्लजींसारखी दोन वाक्येही क्वचितच दिली. निंदा परवडली, ही उपेक्षा वाईट. कारण जे वाचलेच नाही, त्याचा कस लावणार कसा?

आता पुन्हा आपल्या कपाटाकडे येऊ. महाराष्ट्राबाहेर हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही, भाषा टिकण्याचा आहे. आपली मुले घरी मराठी बोलतात, पण पुस्तक हाती घेतात ते हिंदी किंवा इंग्रजी. खत्रींच्या वाचकांना तर लिपीही परकी होती, तरी ते आले. आपल्या हिंदी मुलखातल्या मुलांना देवनागरी शाळेतच येते, लिपीची पायरी आधीच चढलेली आहे. त्यांना उणीव आहे ती फक्त पान उलटायला लावणाऱ्या पुस्तकाची. बारा वर्षांच्या मुलापुढे एकदम जाडजूड अभिजात ग्रंथ ठेवला, तर त्याचा आदर वाढेल, वाचन वाढणार नाही.

म्हणून रक्कम वाटून घेण्याची आपली जुनी तडजोड वाटते तितकी वाईट नाही, फक्त तिच्यामागचे कारण समजून घ्यावे. वरच्या कप्प्यात आपटे, खालच्या कप्प्यात अर्नाळकर, आणि खालून वर हात पोहोचेल अशी मधली शिडी, म्हणजेच मुलांशी पुस्तकांविषयी बोलणारा एखादा काका किंवा मावशी. या तिन्हींची गरज आहे. शिडीवाचून खालचा कप्पा नुसती करमणूक ठरतो आणि वरचा नुसती शोभा.

विद्येच्या देवतेचा उत्सव करताना या वर्षी आरतीनंतर कपाटाची किल्ली मुलांच्या हाती द्यावी, ही विनंती. त्यांनी कोणते पुस्तक उचलले यावर लगेच निकाल देऊ नये. दोन खाती आहेत, दोन्ही सावकाश भरतात.

गणपती बाप्पा मोरया!