स्त्रिया आणि सायकलींची शर्यत

सोलापुरास सात रस्त्यावर शाळेच्या वेळीं सायकलवरून जाणाऱ्या मुली पुष्कळ दिसतात. शर्यतींत मात्र त्यांपैकीं क्वचितच एखादी. हा स्त्रीस्वभावाचा दोष, असें सांगणाऱ्यांनीं थोडा इतिहास पाहावा. ऑलिंपिकांत पुरुषांच्या सायकल-शर्यती इ. स. १८९६ पासूनच्या, स्त्रियांना तें दार १९८४ सालीं, लॉस अँजेलिस येथें, प्रथम उघडलें. मध्यें ८८ वर्षें गेलीं! तत्पूर्वीं, १९२४ सालीं, आल्फोन्सिना स्त्रादा ही इटालियन बाई आपल्या देशाच्या महाशर्यतींत पुरुषांबरोबर उतरली होती. एका टप्प्यास उशीर झाल्यानें तिची गणना थांबली, तरी ती मिलानपर्यंत गेलीच. ९० स्पर्धकांपैकीं बहुतेक पुरुष तोंपर्यंत वाटेंत गळाले होते.

पण आमच्या मतें खरी अडचण निराळीच आहे. या खेळाचें मैदान म्हणजे सार्वजनिक रस्ता. कबड्डी आवारांत खेळतां येते. सायकलपटूस पहाटे गांवाबाहेर दहा-वीस कोस जावें लागतें. मुलगा एकटा जातो. मुलीबरोबर कोण जाणार, हा प्रश्न घरांत रोज उठतो, आणि लग्नाची बोलणीं सुरू होतांच तो विचारण्याचेंहि कारण उरत नाहीं. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनीं २०१८ सालीं सुमारें २९,००० किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलवरून पुरी केली. आमच्या सात रस्त्यावरील मुलीला मात्र होटगीपर्यंतहि सोबत लागते.