सामाईक मसुदा
पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यात तलावाच्या पाण्याचे रिवाज वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या रिवाजांच्या लेखात, नमूद होत आणि मालगुजार व रयत दोघेही त्याच लेखाकडे बोट दाखवीत. लिनक्सचा ड्रायव्हर व कर्नेलबाहेरचा प्रोग्राम यांनाही आयओसीटीएलचे, म्हणजे ड्रायव्हरला द्यायच्या आज्ञांचे, क्रमांक आणि स्ट्रक्चरची मांडणी अशाच सामाईक हेडर फाइलीतून घ्यावी लागते. परंतु या हेडर फाइलींत प्रदीर्घ काळ कर्नेलची खाजगी टिपणे व जाहीर करार, केवळ एका मॅक्रोच्या पडद्याआड, एकत्रच नांदले. २००६ मध्ये खाजगी भाग वगळून हेडरच्या स्वच्छ प्रती काढण्याची सोय झाली. डेव्हिड हॉवेल्स यांनी २०१२ मध्ये, ३.७ या आवृत्तीत, जाहीर भागाला ‘यूएपीआय’ हे स्वतंत्र दप्तर दिले. या करारात निश्चित रुंदीचे डेटा-प्रकार वापरण्याचा दंडक मात्र मला अधिक मोलाचा वाटतो, कारण ६४ बिटांच्या कर्नेलवर ३२ बिटांचा प्रोग्राम चालला की ‘लाँग’चे माप उभयतांना निरनिराळे दिसते.