रस्त्यालगतचा इतिहास-फलक व नदीकाठची आद्य वसाहत : इनामगावच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :
मराठी ग्रामव्यवहारात शेतजमिनीस 'काळी' व वस्तीच्या जागेस 'पांढरी' म्हणण्याचा प्रघात आहे. ओसाड पांढरीची माती खत म्हणून शेतात नेली जाते आणि तिच्याबरोबर खापरे, हाडे, घरांच्या चोपलेल्या जमिनी कायमच्या नाहीशा होतात. म्हणून अशा स्थळाजवळच्या रस्त्यावर माहितीफलक उभारणे ही केवळ प्रवाशांची सोय नसून तो जतनाचाच एक भाग ठरतो. या फलकावर काय लिहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात इनामगावच्या आधारे केला आहे.

स्थळ व उत्खनन :
इनामगाव हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेची उपनदी असलेल्या घोड नदीच्या काठी आहे. येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात विस्तृत उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झेड. डी. अन्सारी व म. के. ढवळीकर यांची नावे या कार्याशी निगडित आहेत. ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे येथे माळवा (सुमारे इ. स. पूर्व १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (इ. स. पूर्व १४०० ते १०००) व उत्तर जोर्वे (इ. स. पूर्व १००० ते ७००) असे तीन कालखंड मानले जातात.

पुराव्यांचे स्वरूप :
येथे शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. बार्ली हे प्रमुख पीक होते. पूर्व जोर्वे काळातील पाच दालनांचे एक घर व त्यालगतचे धान्याचे कोठार, तसेच पाणी वळविण्यासाठीचा पाट व बांध यांवरून सामूहिक नियोजनाची कल्पना येते. मृत बालकांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत घराच्या जमिनीखालीच पुरले जाई. उत्तर जोर्वे काळात प्रशस्त चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या आढळतात व शिकारीवरील भर वाढलेला दिसतो. पुढे ही वस्ती ओस पडली.

फलकावरील मजकुराचा प्रश्न :
संरक्षित स्थळांवरील फलकांवर बहुधा १९५८ च्या कायद्याचा आधार व शिक्षेची तरतूद ठळक असते. शिक्षेचा धाक आवश्यक असला, तरी आपण काय जपावयाचे हे त्यातून कळत नाही. दुसरीकडे, इतिहास म्हणजे राजा, किल्ला व लढाई अशीच आपल्या वाचकाची अपेक्षा असते. इनामगावला यांपैकी काहीही नाही. त्यामुळे पाच दालनांच्या घरास 'राजवाडा' म्हणण्याचा मोह संभवतो. ते घर गावप्रमुखाचे असावे, हे अभ्यासकांचे अनुमान आहे. वाढत्या कोरडेपणामुळे वस्ती ओसरली, हेही प्रत्यक्ष दिसणारी वस्तुस्थिती नसून पुराव्यांचा लावलेला अर्थ आहे. घरे, पाट व कोठार हे पुरावे. प्रमुख व अवर्षण ही अनुमाने. थोडक्या शब्दांतही हा भेद राखला पाहिजे, कारण फलकावरचे वाक्य सहसा कोणी पडताळून पाहत नाही.

समारोप :
शिरूर परिसर आजही पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. पाणी अडविणाऱ्या, धान्य साठविणाऱ्या व अखेर गाव सोडणाऱ्या शेतकऱ्यांची हकिकत येथील शेतकऱ्यास परकी वाटणार नाही. फलकाने ती त्याच्या भाषेत सांगितली, तर पांढरीची माती उचलण्यापूर्वी तो क्षणभर थांबेल. इतिहासाच्या प्राध्यापकांनी आपल्या परिसरातील अशा फलकांचा मजकूर तपासून देण्याचे काम अंगावर घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.