फाल्गुन-चैत्रात अंग का गळतं? थकवा कशाचा, उपाय काय आणि रक्त कधी तपासायचं

हरभरा घरात आला, गहू मशीनमधून निघाला आणि उन्हाळ कांदा काढणीला आला, की गावात दर दुसऱ्या माणसाच्या तोंडी एकच वाक्य ऐकू येतं, 'अंगात जीवच राहिला नाही बघा.' सकाळी उठवत नाही, दुपारी डोळे मिटतात, संध्याकाळी पोटऱ्या ओढतात. आजार म्हणावा तर ताप नाही, काही नाही. मग कुणी म्हणतं उन्हाळा लागला, कुणी म्हणतं आळस आला, आणि बरेचजण सरळ दवाखान्यात जाऊन सलाईन लावून येतात.

मीही त्यातलाच. तीन वर्षं मार्च महिन्यात न चुकता एक-दोन बाटल्या लावून घेतल्या. दरवेळी पाच-सहाशे रुपये गेले. दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. नंतर एका सरकारी डॉक्टरांनी बाटलीत काय असतं ते नीट सांगितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. साध्या सलाईनच्या 500 मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चहाचा एक चमचाही भरत नाही. बाकी पाणी. ग्लुकोजवाली असली तर वर 25 ग्रॅम साखर. उलट्या-जुलाब होत असतील, पाणी पोटात टिकत नसेल, माणूस शुद्धीत नसेल, तेव्हा हीच बाटली जीव वाचवते. पण जो माणूस चालत दवाखान्यात जातो आणि तोंडाने पाणी पिऊ शकतो, त्याला तेच मीठ, साखर आणि पाणी घरी पिता येतं.

या दिवसांत थकवा येतो कशाने?

एकच कारण नाही. चार-पाच गोष्टी एकाच पंधरवड्यात अंगावर येतात.

पहिली गोष्ट ऊन. फेब्रुवारी संपेपर्यंत आपण स्वेटर घालून दारं धरायला जात असतो. मार्च लागला की पहाटे गारवा आणि दुपारी पारा पस्तिशीच्या पुढे. अंगाला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात शरीर आतून तयारी करत असतं. रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो आणि घामातून जाणारं मीठ कमी होतं. ही तयारी होईपर्यंत उष्णता बाहेर टाकायला कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, रक्तदाब थोडा उतरतो, म्हणून वाकून कांदा कापताना एकदम उठलं की डोळ्यापुढे अंधारी येते. जो माणूस वर्षभर शेतात असतो तो यातून लवकर निघतो. पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेला भाऊ पहिल्याच दिवशी कांदा उपटायला लागला तर त्याचं काय होतं ते आपण बघतोच. त्याला पहिले चार-पाच दिवस सकाळचंच काम द्या.

दुसरी गोष्ट झोप, आणि माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात मोठं कारण हेच आहे. जानेवारीच्या मध्याला सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, एप्रिलच्या मध्याला सव्वासहाला. म्हणजे उजेड तासभर आधी होतो, काम तासभर आधी सुरू होतं. पण रात्र काही लवकर होत नाही. लाईट रात्रपाळीची असली तर मोटर चालू करायला बाराला उठा, दारं धरा, पहाटे तीनला घरी या आणि सहाला पुन्हा बाया आणायला जा. त्यात जत्रा, लग्नं, हळदी. आणि खरं बोलायचं तर मोबाईल. बांधावर मोटर चालू असताना बघत बसतो ते एक ठीक, पण घरी येऊनही तासभर बघतो त्याला काय म्हणायचं. तीन रात्री पाच-पाच तास झोपलेल्या माणसाला कुठलंच टॉनिक उभं करू शकत नाही.

तिसरी गोष्ट पाणी. तहान लागते तेव्हा अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. उन्हात काम करताना दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी जायला पाहिजे. कांदा काढणीच्या शेतात हे होत नाही, याचं कारण कुणी उघड बोलत नाही म्हणून इथे लिहितो. बाया पाणी पीत नाहीत, कारण पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं आणि मोकळ्या रानात जायला जागा नसते. त्यात काम उक्तं असतं, थांबलं तर एकर मागे राहतो. सकाळी सातपासून चारपर्यंत दोन तांबे पाण्यावर काढणाऱ्या बाया मी माझ्याच वावरात पाहिल्या आहेत. गेल्या वर्षी मी बांधाला चार बांबू रोवून जुन्या साड्यांचा आडोसा केला. खर्च शून्य. पाण्याचा जार दुपारीच संपायला लागला.

पाणी पुरतंय का हे ओळखायची साधी खूण म्हणजे लघवीचा रंग. फिक्या लिंबूपाण्यासारखा असला तर बरं, कोऱ्या चहासारखा असला तर ताबडतोब पाणी प्या. घाम खूप गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असं पाणी करून थोडं थोडं प्यावं. मीठ यापेक्षा जास्त नको. ताक, कैरीचं पन्हं, ज्वारीची आंबील हेही चांगलं. ज्यांना रक्तदाब, शुगर किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी मीठ-साखरेचं पाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. अशा गोळीवर चक्कर येत असेल तर गोळी स्वतःहून बंद करू नका, दाखवून या.

आणखी एक, फवारणी. कांद्यावर फुलकिडीचं औषध मारलं त्याच दिवशी डोकं जड, मळमळ, तोंडाला पाणी सुटणं, डोळ्यांची बाहुली बारीक होणं, असं असेल तर तो ऋतूचा थकवा नाही. ती विषबाधा असू शकते. औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा.

जुन्या लोकांनी काय सांगितलंय?

वाग्भटांच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येचा वेगळा अध्याय आहे. त्यात म्हटलंय की थंडीत साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने पातळ होतो आणि भूक मंदावते, म्हणून या दिवसांत जड, गोड, आंबट, तेलकट कमी खावं, अंगाला व्यायाम द्यावा आणि दिवसा झोपू नये. पाडव्याला कडुनिंबाची पानं गूळ-ओव्यासोबत खायची आपली रीत याच दिवसांतली. आता कफ-पित्ताचं मला कळत नाही, पण यात्रेच्या मटणाचं जेवण करून दुपारी दोन तास झोपलं की संध्याकाळी माणूस आणखी गळतो हा अनुभव सगळ्यांचा आहे. दुपारी वीस-तीस मिनिटं चिंचेखाली पाठ टेकली तर फायदाच होतो, निदान रात्री पाणी भरणाऱ्याला तरी. तासाच्या वर गेलं की डोकं जड होतं.

एवढं सांभाळलं तर दोन-तीन आठवड्यांत गाडी रुळावर येते. नाही आली तर मात्र 'उन्हाळा लागला' म्हणून घरी बसू नका.

रक्त कधी तपासायचं?

ही चूक माझ्याच घरात झाली. मंडळी दोन वर्षं म्हणत होत्या, दम लागतो, जिना चढवत नाही. मी म्हणायचो, सगळ्यांनाच होतंय, चैत्र आहे. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासलं तर 8.4 निघालं. दर महिन्याला पाळीत अंगावरून जास्त जात होतं, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. ऋतू कुठलाही असता तरी ती थकलेलीच असती.

बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या वर, गरोदर असेल तर 11 च्या वर आणि पुरुषाचं 13 च्या वर असायला पाहिजे. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायांपैकी 57 टक्के आणि पुरुषांपैकी 25 टक्के रक्त कमी असलेले निघाले. म्हणजे पुरुषांनीही हसू नये. बोटातून थेंबभर रक्त घेऊन होणारी ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात फुकट होते. आशाताईंना विचारलं तर त्या दिवस सांगतात.

जीभ आणि डोळ्यांच्या पापणीची आतली बाजू पांढरट दिसत असेल, थोड्या चालण्याने धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील, तर वाट बघू नका. थकव्यासोबत तहान आणि लघवी फार वाढली असेल तर शुगर तपासा. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं ही लक्षणं असतील तर थुंकी तपासा, तीही सरकारी दवाखान्यात फुकट होते. आणि उन्हात काम करता करता माणूस बरळायला लागला, अंग तापलं, तर थकवा म्हणून झोपवू नका. सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, 108 ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

रक्तवाढीचं खाणं आपल्याच घरात आहे. बाजरीत 100 ग्रॅममागे सहा मिलीग्रॅमच्या वर लोह असतं, ज्वारी-गव्हापेक्षा जास्त. पण 'बाजरी उष्ण' म्हणून नेमकी याच दिवसांत ती बंद होते. सोबत ताकाचा पेला घ्या आणि एखादी भाकरी चालू ठेवा. हरभऱ्याचा वाळवलेला पाला, मटकी, अळीव, जमत असेल त्याला अंडी-मटण. डाळ-भाजीवर लिंबू पिळलं की लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की लागत नाही. चहा तासभर लांब ठेवा.

पण हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलं असेल तर नुसत्या खाण्याने भागत नाही, गोळ्या लागतात. लोहाच्या गोळीने संडास काळी होते, थोडी मळमळ होते, म्हणून निम्म्या बाया पंधरा दिवसांत गोळ्या बंद करतात. काळी संडास होणं हे गोळीमुळेच असतं, घाबरायचं कारण नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. आमच्या घरी तीन महिन्यांत 8.4 चं 11.6 झालं आणि पाळीवरही वेगळे उपचार झाले. आकडा बारावर गेल्यानंतरही डॉक्टरांनी आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवायला लावल्या, कारण रक्त भरलं तरी अंगातला लोहाचा साठा रिकामाच असतो.