देवास गेट ते भाषाविज्ञान : नोकरी सांभाळून एम. ए. करू पाहणाऱ्यांसाठी

उज्जैनच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडले की जवळच देवास गेटचे बसस्थानक लागते. देवास, इंदूरकडे जाणाऱ्या प्रवाशांची तेथे वर्दळ असते आणि कानावर हिंदी पडते, मालवी पडते, मधूनच मराठीही पडते. शिंद्यांच्या राजवटीबरोबर आलेली मराठी कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून या शहरात राहिलेली आहेत. भाषेच्या अभ्यासकाला येथे उदाहरणांसाठी दूर जावे लागत नाही.

याच परिसरातील माधव महाविद्यालयाचे नाव मराठी व्याकरणाच्या इतिहासाशी जोडलेले आहे. केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले (१८६८–१९१३) तेथे अध्यापक होते. त्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीची इतकी विस्तृत, पूर्वसूरींची मते एकेक तपासून पुढे जाणारी मीमांसा त्याआधी झाली नव्हती. नंतरच्या प्रत्येक व्याकरणकाराला दामल्यांशी सहमत होऊन किंवा वाद घालूनच पुढे जावे लागले आहे. आजच्या अर्थाचे भाषाविज्ञान तेव्हा आपल्याकडे स्वतंत्र विषय म्हणून रुजलेले नव्हते. दामले घडले ते ग्रंथ आणि स्वतःचे कान यांच्या बळावर. उज्जैनशी निकटचा संबंध असलेले, घरी मराठी बोलणारे हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांनीही हिंदीतील एम. ए. पदवी मिळवली ती नोकऱ्यांत बरीच वर्षे गेल्यावर, नागपूर विद्यापीठातून. पोट सांभाळून शिकण्याची ही परंपरा मध्य प्रदेशात आजही 'स्वाध्यायी' या सुंदर शब्दाने ओळखली जाते. वर्गात न बसता विद्यापीठाच्या परीक्षेला बसणारा तो स्वाध्यायी. मराठीत आपण त्याला 'बहिःस्थ' म्हणतो. पहिला शब्द अभ्यासाकडे बोट दाखवतो, दुसरा नुसता दाराबाहेर उभा करतो.

भारतात पत्रद्वारा उच्च शिक्षणाचा आरंभ दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये केला. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू), १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९१ मध्ये भोपाळचे मध्य प्रदेश भोज मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. मात्र भाषाविज्ञान या नावाची स्वतंत्र एम. ए. पदवी दूरशिक्षणाने मिळण्याची सोय देशात फारच थोड्या ठिकाणी असते आणि ती दरवर्षी चालू राहीलच असे नाही. बहुसंख्य विद्यार्थी या विषयाशी भिडतात ते भाषा-साहित्याच्या एम. ए.मधील एका अभ्यासपत्राद्वारे. इग्नूच्या इंग्रजीच्या एम. ए.त 'आस्पेक्ट्स ऑफ लँग्वेज' हे अभ्यासपत्र आहे, हिंदीच्या एम. ए.त 'भाषा विज्ञान और हिंदी भाषा' आहे. प्रवेशापूर्वी हा फरक नीट ध्यानात घ्यावा. साहित्याच्या पदवीतील एक पत्र आणि भाषाविज्ञानाची पदवी या दोन गोष्टी नोकरीच्या जाहिरातीत एक मानल्या जात नाहीत. प्राध्यापकपदासाठीच्या 'नेट' परीक्षेत भाषाविज्ञान हा वेगळा विषय आहे.

वेळेचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. इग्नूच्या गणतीत एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास. चौसष्ट श्रेयांकांची एम. ए. म्हणजे १९२० तास. हे काम दोन वर्षांत संपवायचे तर आठवड्याला साडेअठरा तास हवेत, म्हणजे रोज अडीच तासांहून अधिक, सुटी न घेता. कार्यालयातून परतून, स्वयंपाक आवरून, मुलांचा गृहपाठ घेऊन हे कितपत जमेल याचा विचार प्रवेश अर्ज भरण्याआधी करावा. नंतर तो आपोआप होतोच. पदवी पूर्ण करण्यास कमाल चार वर्षे मिळतात. तेवढी घेण्यात कमीपणा नाही. त्या गतीने आठवड्याचे ओझे सव्वानऊ तासांवर येते आणि ते बहुतेकांना पेलते.

गुणांचा एक सापळा मात्र अनेकांना उशिरा कळतो. स्वाध्याय-कृतींना तीस टक्के आणि सत्रान्त परीक्षेला सत्तर टक्के भार असतो. उत्तीर्ण होण्यास चाळीस टक्के पुरतात. पण 'नेट'साठी एम. ए.ला सर्वसाधारण गटात पंचावन्न आणि राखीव गटांत पन्नास टक्के लागतात. नोकरीच्या धबडग्यात 'पास झालो, सुटलो' म्हणणाऱ्याच्या हाती पदवी येते, पण अध्यापनाचे दार बंदच राहते. स्वाध्याय-कृती घाईने उतरवून काढण्याची प्रथा या दृष्टीने आत्मघातकीच. त्या तीस टक्क्यांवरच विद्यार्थ्याचे सर्वाधिक नियंत्रण असते.

कायदेशीर बाजू थोडक्यात अशी : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या विनियमांनुसार मान्यता मिळालेल्या दूरशिक्षण अभ्यासक्रमाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष धरली जाते. मान्यता संस्थेला आणि अभ्यासक्रमालाही असावी लागते. ती आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या-त्या वर्षासाठी पाहावी, दलालाच्या माहितीपत्रकात नव्हे. २०२२पासून एक नियमित आणि एक दूरशिक्षणाचा असे दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करता येतात. पीएच. डी. मात्र दूरशिक्षणाने होत नाही. नोकरी करणाऱ्यांना ती अर्धवेळ करता येते आणि त्यासाठी मालकाचे ना-हरकत पत्र लागते.

खरी अडचण विषयाच्या स्वभावातच आहे. वाक्यविचार आणि भाषेचा इतिहास हे भाग छापील पाठांवरून बऱ्यापैकी शिकता येतात. ध्वनिविचार तसा शिकता येत नाही. 'जग' हा एकच लिखित शब्द घ्या. 'विश्व' या अर्थी त्यातला 'ज' तालव्य आहे, तर 'जगणे' या क्रियापदाच्या आज्ञार्थी रूपात तो दंततालव्य आहे. 'चार' आणि 'चारा' यांतही हाच भेद आहे. लिपी तो दाखवत नाही, हिंदी भाषकाच्या उच्चारात तो नसतो, आणि पाठपुस्तक कितीही उत्तम असले तरी ते बोलत नाही. वर्गात शिक्षक एकदा उच्चार करतो आणि शंका मिटते. दूरशिक्षणातला विद्यार्थी तीच ओळ चारदा वाचतो. उज्जैनमधल्या मराठी घरात वाढलेल्याची स्थिती आणखी गंमतीची. त्याच्या कानात मराठीचा दंततालव्य 'च' आहे आणि मालवीतला 'ळ'ही आहे. परीक्षेच्या हिंदीत मात्र दोन्हींना जागा नाही. पुस्तकात न सापडणारी सामग्री त्याच्याच घरात असते. आजी आणि नात यांच्या मराठीत काय बदलले, क्रियापदांची कोणती रूपे हिंदीच्या वळणाने जाऊ लागली, हे टिपण्यास त्याला प्रवास करावा लागत नाही.

साधनांची उणीव आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेली 'प्रात' ही संगणक-प्रणाली विनामूल्य मिळते. भ्रमणध्वनीवर टिपलेला आवाज तीत घातला की ध्वनीचा आलेख पडद्यावर उमटतो आणि दोन 'ज'मधला फरक डोळ्यांना दिसतो. त्याखेरीज मराठी ग्रंथांचा आधार आहेच : ना. गो. कालेलकर यांची 'ध्वनिविचार' आणि 'भाषा : इतिहास आणि भूगोल', अशोक केळकर यांची 'वैखरी', मिलिंद मालशे यांचे 'आधुनिक भाषाविज्ञान'. इंग्रजी किंवा हिंदी माध्यमातून परीक्षा देणाऱ्यानेही संकल्पना आधी मराठीत पक्क्या कराव्यात. परिभाषा नंतर बदलता येते.

नोकरदारांसाठी थोड्या मुदतीच्या शिबिरांचा मार्गही आपल्याकडे जुना आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने आणि रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९५०च्या दशकात भाषाविज्ञानाची उन्हाळी विद्यालये भरली. ठिकठिकाणचे भाषाशिक्षक सुटीत तेथे येऊन शिकले, आणि भारतातील आधुनिक भाषाविज्ञानाची एक अख्खी पिढी त्यांतून उभी राहिली. दूरशिक्षणाच्या संपर्कवर्गांना उपस्थित राहणे अनिवार्य नसले तरी ते का टाळू नयेत, याचे याहून चांगले कारण देता येणार नाही.

टपालाने भाषाभ्यास होतो का, असे विचारणाऱ्याला ग्रियर्सनचे 'भारतीय भाषा सर्वेक्षण' दाखवावे. जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांना उधळ्या पुत्राची एकच गोष्ट पाठवून स्थानिक बोलींत तिचे रूपांतर मागवायचे, अशी ती पद्धत होती. मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला, मालवीचा समावेश असलेला १९०८ मध्ये. पद्धतीत दोष होते. कारकुनाने लिहून धाडलेली बोली आणि बोलणाऱ्याच्या तोंडची बोली एक नसते. त्याच खंडात कोकणीला मराठीची बोली म्हणून घातले गेले. त्या वर्गवारीचा वाद गोव्यात साहित्य अकादमीच्या १९७५च्या मान्यतेपर्यंत आणि १९८७च्या राजभाषा कायद्यापर्यंत कसा पोचला, हे येथील वाचकाला सांगायला नको. त्या वादाच्या दोन्ही बाजूंनी भाषाविज्ञानाचे दाखले दिले गेले. ते तपासण्याइतकी तयारी फार थोड्यांची होती.

गोव्यातून या अभ्यासाकडे वळणाऱ्याला पणजीच्या इग्नू विभागीय केंद्रातून प्रवेशाची माहिती मिळते. लघुप्रबंधासाठी विषय हवा असेल तर अ. मा. घाटगे यांनी काणकोणच्या कोकणीचे केलेले वर्णन १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेले आहे. त्यातली शब्दयादी घेऊन आज काणकोणच्या बाजारात तीन पिढ्यांकडून तेच शब्द वदवून घ्यावेत. दामल्यांचे व्याकरण कृ. श्री. अर्जुनवाडकरांच्या संपादनाने १९७० मध्ये पुन्हा निघाले. ते ग्रंथालयात मिळाल्यास प्रथम वर्णविचाराचे प्रकरण काढून वाचावे, आणि मोठ्याने.