पेग सेयर्स : कथनकार की लेखिका?

आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळील ग्रेट ब्लास्केट बेटावर विवाहानंतर आलेल्या पेग सेयर्स (१८७३–१९५८) यांना आयरिश लिहिता येत नव्हते. त्यांचे शालेय शिक्षण इंग्रजीतून झाले होते. १९३६ साली प्रसिद्ध झालेले ‘पेग’ हे आत्मकथन त्यांनी सांगितले, मुलाने लिहून घेतले आणि एका संपादिकेने त्याला ग्रंथरूप दिले. पुढे ते पाठ्यपुस्तक झाले व दुःखे सोसणारी वृद्धा हीच त्यांची प्रतिमा रूढ झाली. ती एकांगी होय. वडिलांकडून मिळालेल्या फियान वीरांच्या दंतकथा, विनोदी किस्से यांसह शेकडो कथा त्यांनी आयरिश लोककथा आयोगाच्या संग्राहकांना सांगितल्या. त्यांचे मूल्यमापन या संग्रहावरून व्हावयास हवे. १९४२ मध्ये त्या मुख्यभूमीवर परतल्या. बेट १९५३ मध्ये रिकामे झाले.